आत घेतलेला होकार

मित्रांनो, माझ्या पाठीवर चिकटवलेली पट्टी सांगते की मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. पट्टी खोटं बोलत नसावी. पण खरं सांगू का, मी नक्की कोण आणि कशासाठी, याचा माझ्या मनात जन्मभर गोंधळच राहिला. कोणी मला ऐकणारं यंत्र म्हणे, कोणी बोलणारं. मी दोन्ही करत आलो आणि दोन्हींतलं मला पुरतं काही कळलं नाही. तेव्हा सांगता सांगता मी मध्येच अडखळलो, तर आतला रबरी पट्टा सैल झाला असं समजा आणि थोडं थांबा. थांबण्याला या कहाणीत फार मोल आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. जाड पुस्तकाएवढा माझा आकार. पोटात कॅसेट नावाची चपटी डबी बसते. तिच्यातली तपकिरी फीत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जाते आणि जाता जाता माझ्या ‘हेड’ला, म्हणजे नखाएवढ्या धातूच्या तुकड्याला घासते. लाल बटण दाबलं की समोरचा आवाज फितीवर उतरतो. शेजारचं दाबलं की तोच आवाज परत बाहेर येतो. संपलं माझं काम. चूक-बरोबर ठरवायला माझ्यात बटण नाही.

कारखान्यात एक ताई प्रत्येक यंत्र तपासताना माझ्यासारख्यांच्या तोंडाशी येऊन म्हणायची, “एक, दोन, तीन.” कितीतरी दिवस मला वाटायचं, जगातली माणसं एवढंच बोलतात. माझ्या गोंधळाची ती सुरुवात.

मग मी एका म्हाताऱ्या बुवांच्या घरी आलो. बुवा गाऊन उपदेश सांगायचे. आधी दोन ओळी गायच्या, मग त्यांचा अर्थ सांगायचा, अर्थ सांगता सांगता हसवायचं आणि हसणारे बेसावध असताना डोळ्यांत पाणी आणायचं. माणसं दाटीवाटीनं बसत. मी बुवांच्या पायाशी. प्रत्येक ओळीआधी ते खोल श्वास घ्यायचे आणि तो माझ्या फितीवर सरळ उतरायचा. त्यांच्या लेकीला ते खटकायचं. ती म्हणायची, “बाबा, गाण्यापेक्षा तुमचा दमच जास्त ऐकू येतो. तेवढा पुसता आला तर बघू का?”

बुवा म्हणाले, “पुसू नकोस गं. गाणं माझं आहे. श्वास त्याचा आहे.” आणि बोट वर केलं.

मला कोणाचा ते कळलं नाही. वर तर छत होतं. पण वाक्य फितीवर राहिलं आणि, मित्रांनो, पुढे ते मला पुरलं.

बुवा देवाघरी गेल्यावर लेकीनं मला आपल्या कचेरीत नेलं. ती शिक्षण कचेरीत टंकलेखिका होती. तिथे मला कपाटातला वरचा खण मिळाला आणि पाठीवर ही पट्टी चिकटली. कचेरीत एक तपासनीस साहेब होते. साहेब वाईट नव्हते हो, हे मला आधीच सांगून ठेवू दे. त्यांच्या खिशात नेहमी टोक केलेल्या तीन पेन्सिली असत आणि मुलं मागे पडतात या काळजीनं त्यांना जेवण गोड लागत नसे. त्यांच्याकडे एक छापील नमुना होता, नमुना क्रमांक सात. तीस प्रश्न. एकोणतीस प्रश्न मुलाला काय येतं ते पाहायचे. तिसावा वेगळा. प्रत्येकाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. खाली बारीक अक्षरांत सूचना होती: उत्तर न आल्यास मनात तीन मोजावेत व पुढे जावे.

तो नमुना आणि मला घेऊन साहेब नदीच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेच्या वस्तीत गेले. तिथली माणसं या भूमीवर सगळ्यांच्या आधीपासून राहणारी. त्यांची बोली निराळी. मला तेव्हा त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पुढे ऐकून ऐकून कळू लागलं, म्हणून तर आज सांगू शकतो. एका खोलीची शाळा, एक गुरुजी आणि एकोणीस मुलं. मुलं कचेरीची भाषाही शिकली होती.

पहिली आली भिंगरी. सात वर्षांची. पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून हे नाव.

“मासा पाण्यात राहतो का?” साहेबांनी विचारलं.

मला ऐकू आलं, “स्स्.” एवढंसं. केसाएवढं बारीक. साहेबांनी तीन मोजले, पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, “पुढे. घोड्याला शिंगं असतात का?”

“नाही!” भिंगरी खणखणीत म्हणाली आणि वर हसलीही.

“सूर्य सकाळी उगवतो का?”

“स्स्.”

मी घाबरलो. वाटलं, मला दमा झाला. हे ‘स्स्’ माझ्याच पोटातून येतंय. नाहीतर मासा पाण्यात राहतो की नाही यावर ही पोर गप्प कशी राहील? एकामागून एक मुलं आली आणि प्रत्येक वेळी तेच. ‘नाही’ असेल तिथे ठणठणीत ‘नाही’. ‘हो’ असेल तिथे ‘स्स्’, मग तीन मोजणं, मग रेघ. फक्त एका मुलाच्या वेळी ते प्रत्येक प्रश्नाला आलं, प्रश्नाच्या आधी आणि नंतरही. त्या मुलाचं नाव वस्तीनं सर्दीराव ठेवलेलं होतं.

मग तिसावा प्रश्न: “दूरच्या मोठ्या शाळेत राहायला जायची तुझी तयारी आहे का?”

तिथे सर्दीराव सोडला तर कोणाचंच काही नाही. ‘नाही’ही नाही आणि ‘स्स्’ही नाही. मी आणखी गोंधळलो. आता माझा दमा एकाएकी बरा कसा झाला?

कचेरीत परतल्यावर साहेबांनी फिती ऐकल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मला उघडलं, कापसाच्या बोळ्यानं हेड पुसलं, पट्टा चाचपला.

“साहेब, मशीन ठणठणीत आहे. खरखर तुमच्या कॅसेटीत असेल.”

“कॅसेटी कोऱ्या होत्या.”

“मग पोरांत असेल!” दुरुस्तीवाला म्हणाला, आणि दोघं खूप हसले.

मित्रांनो, खरं उत्तर त्या खोलीत त्या दिवशीच बोललं गेलं होतं. पण ते विनोद म्हणून बोललं गेलं, म्हणून कोणी लिहून घेतलं नाही.

अहवाल टंकायला बुवांच्या लेकीकडे आला. टकटक करता करता ती थांबली.

“साहेब, एक विचारू? वरच्या प्रश्नांत रेघ असली की ‘मुलास येत नाही’ लिहायचं. आणि तिसाव्याला रेघ असली की ‘मुलाची हरकत नाही’. रेघ तर एकच आहे.”

“नमुन्यात तसंच छापलंय बाई.”

“छापलंय खरं.” ती म्हणाली, आणि टकटक पुन्हा सुरू झाली. पण आधीच्यापेक्षा हळू.

अहवालाचा निष्कर्ष असा निघाला: वस्तीतल्या मुलांना निम्मे प्रश्न येत नाहीत. सबब तिथली शाळा पुढच्या सत्रापासून बंद करावी. सहा वर्षांवरील मुलांना दिवसभराच्या प्रवासावरच्या निवासी शाळेत ठेवावं. मुलांची हरकत नाही.

पंधरा दिवसांनी कचेरीत एक बाई आल्या. गळ्यात कापड मोजायची टेप, पदराला दोन टाचण्या. वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. भिंगरीची आई गेल्यापासून तिला यांनीच वाढवलेलं.

“मला टेप ऐकायचीय,” मावशी म्हणाल्या.

“टेप तर तुमच्या गळ्यात आहे,” बुवांची लेक गमतीनं म्हणाली.

“ही मोजायची. मला ऐकायची पाहिजे. तुम्ही आमच्या पोरांचं माप घेतलंत ना? मी माप घेते तेव्हा गिऱ्हाईकाला सांगते हो, कंबर एवढी, बाही एवढी. तुम्ही आमचं माप घेतलं, कपडा बेतला, आणि आम्हाला आकडासुद्धा दाखवला नाही.”

“मावशी, कळतंय मला. पण परीक्षेच्या टेपा घरच्यांना ऐकवायच्या असा अर्जाचा नमुनाच नाही आमच्याकडे.”

“मग नवा नमुना करा की! मी झबल्याचे रोज करते.”

बुवांची लेक हसली. मग तिनं एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘ज्यांचा आवाज, त्यांना ऐकण्यासाठी दिले.’ खाली सही केली. मला आणि कॅसेटींना एका पिशवीत घातलं. असं करता येतं की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

वस्तीत दुपारी शाळेच्या खोलीत सगळे जमले. मावशी, गुरुजी, वस्तीचा नावाडी आणि मुलांच्या आया. मावशींनी बटण दाबलं. “मासा पाण्यात राहतो का?” माझ्या तोंडून साहेब बोलले. मग माझा तो दमा, “स्स्.” मग, “पुढे.”

खोलीत एकदम हशा पिकला.

“अगं, पोरगी ‘हो’ म्हणाली की!” कोणीतरी म्हणालं. “आणि हा बाबा पुढेच चालला!”

“पुन्हा लाव, पुन्हा लाव. ‘हो’, ‘पुढे’. ‘हो’, ‘पुढे’. अरे, नावेत बसतोस का, ‘हो’, आणि मी नाव सोडून चाललो!” नावाड्यानं साहेबांची नक्कल केली.

तेव्हा मला उमगलं. मित्रांनो, त्या लोकांच्या बोलीत मोठ्या माणसाला ‘हो’ म्हणताना शब्द बाहेर टाकत नाहीत. श्वास हळूच आत घेतात. तुमचं म्हणणं मी आत घेतलं, असा त्याचा अर्थ. मला दमा नव्हता. मी एकोणीस मुलांचे होकार पोटात घेऊन हिंडत होतो, आणि दुरुस्तीवाला ते कापसानं पुसू पाहत होता.

गुरुजींनी खाली मान घातली. “परीक्षेच्या वेळी मला बाहेर उभं केलं होतं,” ते म्हणाले. “आत असतो तर सांगितलं असतं. पण मग जाऊन विचारलंही नाही मी. चुकलंच माझं.”

“चुका मोजायला नंतर बसू,” मावशी म्हणाल्या. “आधी होकार मोजू.”

आणि मोजणी सुरू झाली. कपडे बेतायचा मोठा खाकी कागद भिंतीला लावला. एका बाजूला एकोणीस नावं, वर तीस प्रश्न. रोज कामं आटोपून माणसं यायची, एकेक फीत ऐकायची आणि तिघांचं एकमत झालं तरच खूण करायची. हा नियम मावशींचा. खुणा वाढत गेल्या. भिंगरीचे एकोणतीसपैकी अठ्ठावीस बरोबर निघाले.

मग आली सर्दीरावाची फीत. नावाडी खूश झाला. “बघा! तीसच्या तीस ‘हो’! एवढे होकार तर माझ्या बायकोनं लग्नापासून आजवर दिले नसतील.”

“घोड्याला शिंगं असतात, यालाही ‘हो’ आहे त्याचं,” गुरुजी पुटपुटले.

“त्याला सर्दी होती. सगळं खोडा,” मावशी म्हणाल्या.

“अगं, खोडतेस काय? आपल्याच बाजूचं आहे ना?”

“आपल्या बाजूचं आहे म्हणून खोटं माप लिहू? कपडा अंगात शिरणार नाही दादा. त्याची सर्दी गेली की त्याला पुन्हा विचारू, आणि कागदावर तसंच लिहू.”

मी कपाटात असताना पुष्कळ अहवाल ऐकले होते. स्वतःच्या बाजूची खूण स्वतःच खोडणारं माणूस मी पहिल्यांदाच ऐकलं. शिकलेलं कोणाला म्हणायचं, याचा माझा गोंधळ तिथे आणखी वाढला.

शेवटी राहिला तिसावा प्रश्न. सर्दीराव सोडून बाकीच्यांची एकेक फीत लावली. प्रश्न, आणि मग नुसती माझी चाकं फिरल्याची घरघर. खोलीत कोणी हसलं नाही. मावशींनी हातातलं कापड खाली ठेवलं.

“श्वास धरलाय पोरांनी,” त्या म्हणाल्या.

घोड्याला शिंगं नसतात, हे कोणालाही तोंडावर सांगता येतं. पण मोठं माणूस काही देऊ करत असेल आणि ते नको असेल, तर तिथली मुलं ‘नाही’ म्हणत नाहीत. श्वास धरून ठेवतात. समोरच्यानं समजून घ्यायचं आणि आपला हात मागे घ्यायचा.

“ताईनं पण असाच धरला होता,” मावशी हळू आवाजात म्हणाल्या. ही ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, भिंगरीची आई. “तिलाही नेली होती तिकडे. परत आली तर आईशी बोलताना ‘हो, हो’ म्हणत तोंडातून बाहेर टाकायची. आईला वाटायचं, पोर भांडतेय. दोघी एकमेकींना कधी कळल्याच नाहीत पुन्हा.”

खिडकीबाहेर भिंगरी उभी होती. पहिल्यांदाच तिचे पाय वाजत नव्हते.

मावशींच्या अर्जावरून सुनावणी मोठ्या कचेरीत झाली. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, मध्ये मोठ्या बाई. शाळा ठेवायची की बंद करायची हे त्यांच्याच हातात. शेजारी तपासनीस साहेब, तीन पेन्सिली. आमच्या बाजूला मावशी, गुरुजी, भिंगरी आणि गुंडाळी केलेला खाकी कागद. होकारांचं माप मोठ्या बाईंना पटलं. त्यांनी स्वतः चार फिती ऐकल्या. साहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मी तीन मोजले हो. प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे तीन मोजले.” त्यांचा आवाज ऐकून मला रडू आलं असतं, पण यंत्राला ती सोय नाही.

“मुलं हुशार आहेत, मान्य,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण मग तर मोठ्या शाळेत त्यांचं भलंच होईल. आणि इथे लिहिलंय, हरकत नाही.”

“हरकत आहे. टेपेत आहे,” मावशी म्हणाल्या.

“एकानं तर ‘हो’ म्हटलंय तुमच्याच हिशेबानं,” साहेब हळूच म्हणाले.

“साहेब, त्याला सर्दी होती.”

तिसावा प्रश्न लावला. घरघर. मोठ्या बाईंनी कान जवळ आणला. “मला काहीच ऐकू येत नाही.”

“तेच तर,” मावशी म्हणाल्या.

“असं कसं समजायचं मावशी? काहीच नाही, याचा अर्थ काहीही लावता येईल.”

मी मनात बुवांचं वाक्य घोळवत होतो, पण ते सांगायला कोणी तरी बटण दाबायला हवं होतं आणि त्या कॅसेटीही माझ्या पोटात नव्हत्या. तेवढ्यात साहेबच उठले. त्यांनी माझं लाल बटण दाबलं, भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसले आणि विचारलं, “बाळ, दूरच्या मोठ्या शाळेत राहायला जायची तुझी तयारी आहे का?”

खोली थांबली. मी ऐकत होतो. एक. दोन. तीन. साहेबांची पेन्सिल हलली नाही. सात. आठ. नऊ. कोणाच्या तरी खुर्चीचा आवाज. पंधरा. सोळा. मोठ्या बाई म्हणाल्या, “ही अशी लाल का होतेय?” बावीस. तेवीस. मावशी पुढे झाल्या, पण मध्ये पडल्या नाहीत. पदरातली टाचणी खाली पडली, ती मला ऐकू आली. अठ्ठावीस.

“अगं सोड! सोड श्वास!” मोठ्या बाई ओरडल्या. “नाही पाठवत तुला कुठे!”

आणि भिंगरीनं श्वास सोडला. मित्रांनो, तो आवाज आजही माझ्या फितीवर आहे. बुवांच्या सगळ्या गाण्यांत मिळून तेवढा मोठा श्वास नव्हता. साहेब तिथेच जमिनीवर बसून राहिले. “मी तीनच मोजत होतो,” ते म्हणाले. “तीनच.”

मग मोठ्या बाईंनी भिंगरीला विचारलं, “तुमच्याच शाळेत शिकायचंय ना तुला?”

“स्स्.”

या वेळी ते सगळ्यांना ऐकू आलं.

सगळं काही लगेच चांगलं झालं, असं मी म्हणणार नाही. शाळा बंद करण्याचा हुकूम एका वर्षापुरता थांबला. त्या वर्षात वस्तीनं स्वतः प्रश्न तयार करायचे, स्वतः विचारायचे आणि कचेरीनं ते पाहायचं असं ठरलं. वर्ष संपलं तेव्हा शाळा राहिली. आता तिथे पहिली दोन वर्षं मुलं आपल्या बोलीत शिकतात आणि मावशी खाकी कागदावर दर सत्राची मोजणी लावतात. कचेरीच्या नियमांत एक ओळ वाढली, ती बुवांच्या लेकीनं टंकली: ज्यांचा आवाज, त्यांनी तो आधी ऐकायचा. साहेब अधूनमधून येतात. आत श्वास घेऊन ‘हो’ म्हणायला जातात आणि त्यांना उचकी लागते. मुलं त्यासाठीच त्यांना प्रश्न विचारतात.

मी शाळेच्या खिडकीत असतो. माझा पट्टा सैल झाला आहे आणि कॅसेटी मिळेनाशा झाल्या आहेत. चूक नक्की कोणाची होती, साहेबांची, नमुन्याची, गुरुजींच्या भिडेची, की काहीच न कळता सगळं उतरवून घेणाऱ्या माझी, हे मला अजून उलगडलेलं नाही. वर छताकडे बोट दाखवून बुवा काय म्हणत होते, ते मात्र थोडं थोडं कळू लागलं आहे.

माझं हेड कधी पुसलंत तर मऊ कापसानं पुसा. धूळ जाऊ द्या, श्वास राहू द्या. आणि तुम्ही कोणाला काही विचारलंत आणि समोरून शब्द आला नाही, तर लगेच रेघ मारू नका. तिनाच्या पुढेही आकडे असतात, मित्रांनो. भिंगरी अठ्ठाविसाव्यावर भेटली.